अर्थशास्त्र मेजर आणि भूगोल मायनर: मुंबईत पुढे काय करता येतं?

सायली_बदलापूर

नमस्कार. मी बदलापूरला राहते आणि दादरच्या एका कॉलेजात बीए करते. अर्थशास्त्र मेजर घेतलंय, त्यात काही बदलायचं नाही. येत्या सोमवारपर्यंत मायनरचा, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाचा, फॉर्म भरायचाय. भूगोल, मानसशास्त्र आणि राज्यशास्त्र यांतलं एक निवडायचंय. मला मनापासून भूगोल हवाय.

कारण सांगते. आमच्या घरापासून उल्हास नदी चालत दहा मिनिटांवर. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरलं, समोरच्या सोसायटीत थेंबही नाही. मधे रस्ता जेमतेम वीस फुटांचा. असं का झालं हे मला कुणीच नीट सांगितलं नाही आणि तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत आहेत. त्यांचं म्हणणं, "भूगोल घेऊन शेवटी शाळेतच शिकवणार ना?" शिकवण्यात वाईट काही नाही, पण बाबांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. मायनर कुणी मोजतं का? मुंबईत राहून यातून काय काम मिळतं? आणि यात गणित नि कॉम्प्युटर किती लागतो? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

ठाणेकर_७८

गेली आठ वर्षं मी बँकेच्या बॅक ऑफिससाठी मुलं निवडतो. मार्कशीटवर मायनर काय आहे ते मी एकदाही विचारलेलं नाही. एक्सेल येतं का, ईमेल नीट लिहिता येतो का, वेळेवर येणार का, एवढंच बघतो. ज्यात मार्क मिळतील तो विषय घे आणि उरलेल्या वेळात एक्सेल पक्कं कर, हा माझा सरळ सल्ला.

खाडीकाठ

सायली, ठाणेकरदादा म्हणतात ते त्यांच्या कामापुरतं अगदी खरं आहे. फक्त तू जो प्रश्न घेऊन आली आहेस तो बॅक ऑफिसचा नाही. वीस फुटांच्या रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, हे ज्या मुलीच्या डोक्यातून इतकी वर्षं जात नाही तिला मी तरी दुसरा विषय घ्यायला सांगणार नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या जागी मी होते तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

मी डोंबिवलीची. २०१४ ला मुंबई विद्यापीठातून बीए झाले. तेव्हा मेजर-मायनर हा प्रकार नव्हता. टीवायला सहा पेपर असायचे, ते एकाच विषयाचे घ्या नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. मी अर्थशास्त्राचे तीन आणि भूगोलाचे तीन घेतले. घरी अगदी तुझ्या बाबांचंच वाक्य ऐकलं होतं.

आज मी एका मालवाहतूक कंपनीत नेटवर्क प्लॅनिंगला आहे. नवीन गोदाम कुठे घ्यायचं, कुठला पिनकोड कुठल्या डिलिव्हरी केंद्राला जोडायचा, पावसाळ्यात कुठल्या सबवेत पाणी भरलं की गाड्या कुठून वळवायच्या, हे माझं रोजचं काम. २०१८ ला इथे मुलाखत झाली तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "सगळ्यांची गोदामं भिवंडीतच का?" मी अर्थशास्त्राच्या बाजूने सुरुवात केली. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर उतरवायला सुरुवात केली. त्यावर समोरच्या साहेबांनी विचारलं, "१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. मग गोदामं परत मुंबईत का नाही आली?" इथे भूगोल उपयोगी पडला. मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि नकाशा काढला. नाशिकचा महामार्ग, ठाण्याची खाडी, खाली न्हावाशेवा बंदर, वर अहमदाबादच्या रस्त्याला जाणारा फाटा. मोकळी सपाट जमीन, ट्रकवाले, हमाल, वजनकाटे, सगळं एव्हाना तिथेच रुजलं होतं. कर उठला तरी रस्ते आणि जमीन आपल्या जागीच राहिली. ती नोकरी मला त्या कागदावर मिळाली, असं मी आजही मानते. नुसतं अर्थशास्त्र असतं तर जकातीपाशी थांबले असते.

पण इथपर्यंत सरळ आले असं मात्र अजिबात नाही, तेही ऐक.

पहिली नोकरी २०१५ ला, अंधेरीत, नकाशे डिजिटाइझ करणाऱ्या एका कंपनीत. पगार अकरा हजार. उपग्रहाच्या चित्रावर माउसने एकेका घराची बाह्यरेषा काढायची, दिवसाला तीनशे घरं. वस्तीचं चित्र असलं की एक छप्पर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नाही. निळी ताडपत्री, पत्र्यावर ठेवलेल्या विटा, काळी पाण्याची टाकी, अशा खुणांवरून ओळखायला शिकले. डोळ्यांतून पाणी यायचं.

तिथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. दुकानांचे पत्ते अक्षांश-रेखांशांत बदलून द्यायचे होते. मुंबई साधारण १९ उत्तर, ७२.८ पूर्व. माझ्याकडून दोन्ही रकाने उलटे पडले आणि फाइल तशीच ग्राहकाकडे गेली. ७२.८ उत्तर, १९ पूर्व म्हणजे नॉर्वेच्याही वरचा समुद्र. मालाड-गोरेगावची सगळी दुकानं त्या समुद्रात. चार दिवसांचं काम परत करावं लागलं आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्यानंतर आजतागायत कुठलीही फाइल उघडली की मी आधी जगाचा नकाशा मागे लावते आणि ठिपके मुंबईवर पडतायत ना ते बघते. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवते. मुंबईसाठी यूटीएम या प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचा) ४३ उत्तर हा झोन लागतो, आणि जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, असल्याने ते जीपीएसच्या आकड्यांवर तसेच ठेवले तर रस्ता एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकतो. पुस्तकात प्रक्षेपणाचा धडा रूक्ष वाटतो, पण हे काम करणाऱ्याचा पगार त्या धड्यावर चालतो.

त्या नोकरीत दीड वर्ष काढलं आणि संध्याकाळचा जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती एकत्र मांडायचा, एक वर्षाचा डिप्लोमा केला. तो केला नसता तर मी अजून घरांच्या रेषाच काढत बसले असते. तेही काम आता कमी होतंय, कारण उपग्रहाच्या चित्रावरून इमारती ओळखायला सॉफ्टवेअर शिकलंय. म्हणून तुला आधीच सांगते, नुसत्या डिजिटायझेशनवर भिस्त ठेवू नकोस. ती कामं बरीचशी कंत्राटी असतात, पगार पटकन वाढत नाही. नकाशाला प्रश्न विचारणारी हो, आणि प्रश्न तुला अर्थशास्त्रातून मिळणार आहेत.

एक उदाहरण देते. जनगणनेनुसार २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. उपनगर त्याच वेळी वाढत होतं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, दुकानं नि ऑफिसं आली, तरी राहणारी माणसं कमी झाली. एखादी कंपनी लोअर परळमध्ये किराणा पोचवायचं केंद्र टाकू म्हणते तेव्हा दिवसा तिथे माणसं किती आणि रात्री झोपायला किती, हा फरक तिला कुणीतरी दाखवावा लागतो. हे तुझं काम होऊ शकतं.

जाहिरातींत "भूगोल" हा शब्द शोधू नकोस, सापडणार नाही. जीआयएस अ‍ॅनालिस्ट, जिओस्पेशियल, लोकेशन अ‍ॅनालिटिक्स, नेटवर्क प्लॅनिंग, साइट सिलेक्शन या नावांनी शोध. पर्यावरण सल्लागारांकडे सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) आणि कांदळवनाच्या नकाशांचं काम असतं. विमा कंपन्या कुठल्या भागात पूर येतो ते बघतात. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था नळ आणि शौचालयं नकाशावर मांडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांच्या माहितीवरचे परवान्यांचे बरेचसे निर्बंध भारतीय कंपन्यांसाठी उठवले, २०२२ ला राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. त्यामुळे मी शिकत होते तेव्हाच्या मानाने आज दारं जास्त आहेत. लोकसंख्येची आवड लागली तर देवनारला आयआयपीएस आहे, लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी १९५६ पासूनची संस्था, आपल्या शहरातली. तिची प्रवेशपुस्तिका वाचून ठेव.

आता ज्या एका गोष्टीने मला भूगोल खऱ्या अर्थाने कळला ती सांगते, म्हणजे तुला तुझ्या रस्त्याचं उत्तरही मिळेल.

एसवायला असताना आमचे सर आम्हाला कुर्ल्याला मिठीच्या काठच्या एका वस्तीत घेऊन गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे आकडे आम्हाला पाठ होते. सरांनी प्रत्येक जोडीला शिवणकामाची एक टेप दिली आणि सांगितलं, "घरोघरी जा. एकच विचारा, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं."

पहिल्याच घरात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या, हात पदराला पुसला आणि दाराच्या चौकटीवर तळवा टेकवला. "इथवर." कुठेही खूण नव्हती, रंग नवा होता, पण हात एका जागी गेला आणि तिथेच थांबला. टेप लावली. पाच फूट दोन इंच. पुढच्या घरी चार फूट आठ. त्यापुढे चार फूट. गल्लीच्या टोकाला एका काकांनी मांडीवर हात ठेवला, अडीच फूट. मी मैत्रिणीला म्हटलं, लोकांना नीट आठवत नाही. सरांनी ते ऐकलं आणि विचारलं, "साठलेल्या पाण्याचा वरचा पृष्ठभाग कसा असतो?" सपाट. "मग काय बदलतंय?"

जमीन बदलत होती. चालताना पायांना मुळीच न जाणवलेला चढ त्या गल्लीत होता, अडीच-पावणेतीन फुटांचा. आम्ही सदतीस घरांचे आकडे घेऊन परत आलो, कागदावर सारख्या उंचीचे ठिपके जोडले आणि समोच्च रेषा तयार झाल्या. तोवर त्या रेषा मी परीक्षेसाठी काढत होते. त्या दिवशी त्या आजींच्या हाताने काढल्या गेल्या.

तुझ्या वीस फुटी रस्त्याचंही असंच काहीतरी असणार. भराव कुठे घातला, नाला कुठे वळवला, जोतं कुणाचं उंच, हे मोजलं की सापडेल.

गणिताची भीती बाळगू नकोस. संख्याशास्त्र तुला अर्थशास्त्रातही करायचंच आहे, तेवढं पुरतं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची उपग्रहचित्रांचा अभ्यास शिकवणारी संस्था ऑनलाइन कोर्स फुकट घेते, प्रमाणपत्रही देते. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ उघडून बदलापूर बघत बस. पुढे थोडं एसक्यूएल नि पायथन शिकलीस तर पगारात फरक पडतो, पण ते तिसऱ्या वर्षात केलंस तरी चालेल.

ठाणेकर_७८

खाडीकाठताई, भिवंडीचा मुद्दा पटला. मी फक्त माझ्या टेबलावरून बोललो होतो. आमच्याकडेसुद्धा कर्ज विभागात मालमत्तांची ठिकाणं नकाशावर टाकणारी एक टीम आहे, ते लक्षात नव्हतं. तरी सायली, एक्सेल कर गं.

निवृत्त_गुरुजी_गिरगाव

सायली बाळ, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३४ वर्षं भूगोल शिकवला. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं, कारण ते ज्या मास्तरांबद्दल बोलतायत त्यांच्यातलाच मी.

शिकवायचं ठरवलंस तर नुसत्या मायनरवर ते होत नाही, हे आधी नीट समजून घे. अकरावी-बारावीला शिकवायला एमए आणि बीएड दोन्ही लागतं. वरिष्ठ महाविद्यालयात जायचं तर एमएला ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट. पहिली ते आठवीसाठी टीईटी, आणि अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते. त्या भरतीला वेळ लागतो. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतायत, महिन्याच्या शेवटी हातात काय येतं ते मी बघितलंय. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटतं. म्हणून शिकवायची खरी ओढ असेल तरच या वाटेला ये, दुसरं काही जमलं नाही म्हणून येऊ नकोस.

एमए भूगोलाचं दार मात्र मायनरमुळे बंद होत नाही. यूजीसीने २०२४ साली पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा काढला त्यात मेजर किंवा मायनर यांपैकी कुठल्याही विषयात पुढे जाण्याची मोकळीक ठेवली आहे. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, तिथे एकदा स्वतः जाऊन अटी विचारून ये. लोकलने कुर्ल्याला उतरलीस की बस मिळते.

आता फॉर्म भरण्याआधीचं एक काम. कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना भेट आणि मायनरवाल्यांना प्रात्यक्षिक आहे का ते विचार. मेजरवाल्यांना प्रात्यक्षिक आणि मायनरवाल्यांना नुसती व्याख्यानं, असं काही ठिकाणी चालतं. प्रात्यक्षिक नसलेला भूगोल म्हणजे पाण्याबाहेर पोहायला शिकणं. क्षेत्रभेट कुठे नेतात तेही विचार.

माझ्या काळात स्थलनिर्देशक नकाशा (डोंगर, नद्या, रस्ते, गावं बारकाईने दाखवणारा) वर्गात आला की मुलं बाकावर चढून बघायची. देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाचे ते नकाशे, १ सेंटिमीटरला ५०० मीटर, तपकिरी समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने. कडा फाटू नयेत म्हणून मी त्यांना मागून मलमलचं कापड लावून घेतलं होतं. पण गंमत अशी की मुंबईच्या मुलांना मुंबईच्या नकाशाचं पत्रक बघायला मिळायचं नाही. किनाऱ्यालगतची पत्रकं प्रतिबंधित असायची, त्यामुळे गिरगावातली पोरं देशावरचे डोंगर नि ओढे वाचायची. २०१७ साली सर्व्हे ऑफ इंडियाच्या नक्शे पोर्टलवर पत्रकं मोफत उतरवून घेता यायला लागली आणि मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर प्रथमच वर्गात आपलं शहर लावलं. आपली मुंबई दोन पत्रकांत विभागलेली आहे. १९ अंशांचं अक्षवृत्त परळच्या आसपास शहर ओलांडतं, त्याच्या वरचा भाग एका पत्रकात, खालचा दुसऱ्यात. दोन्ही छापून फळ्यावर जोडली. लालबागला राहणारा एक मुलगा पुढे आला, जोडावर बोट ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं घर शिवणीवर आहे." तो मुलगा आता पर्यावरणाच्या एका सल्लागार कंपनीत आहे. खाडीकाठ म्हणतात तसे कांदळवनांचे नकाशे करतो.

तुझ्या उल्हास नदीबद्दल थोडं. ती राजमाचीच्या बाजूने सह्याद्रीवरून उतरते, कर्जत-नेरळवरून तुझ्याकडे येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. घाटावर पाऊस झाला की ते पाणी तुमच्याकडे येणारच, बदलापुरात पाऊस असो वा नसो. हे वडिलांना सांग.

अभ्यासिका_कळवा

मी तीन वर्षं यूपीएससी करतोय, भूगोल ऑप्शनल. दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. पहिल्यात भूरूपशास्त्र (जमिनीचे आकार कसे घडतात ते), हवामान, सागर, मग मानवी भूगोलातले सिद्धांत. दुसऱ्यात भारत, आणि त्यात नकाशावर ठिकाणं दाखवायचा प्रश्न असतो. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरातही भूगोल येतो. एमपीएससीची राज्यसेवाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे तिथेही उत्तरं लिहावी लागतात.

मी स्वतः बीकॉम. ऑप्शनल घ्यायला पदवीला तो विषय असावा लागत नाही, त्यामुळे केवळ परीक्षेसाठी मायनर घ्यायची गरज नाही. पण भूरूपशास्त्र मी पुस्तकातून एकट्याने शिकलो आणि त्यात पहिलं वर्ष गेलं. वर्गात कुणी वाळूच्या ताटात पाणी ओतून दाखवलं असतं तर आठवड्यात समजलं असतं. तुला ते आयतं मिळतंय. परीक्षा दिलीस तर फायदा होईल, नाही दिलीस तरी वाया काही जाणार नाही. फक्त परीक्षेच्या भरवशावर नोकरीची कौशल्यं शिकायची पुढे ढकलू नकोस. मी ढकलली, आता सत्ताविसाव्या वर्षी क्यूजीआयएसचे व्हिडिओ बघतोय.

सायली_बदलापूर

सगळ्यांचे खूप खूप आभार. मी प्रतिसाद मोठ्याने वाचून बाबांना ऐकवले. भिवंडीचं ऐकून ते म्हणाले की त्यांच्या कंपनीचा मालही तिथूनच येतो. खाडीकाठताई, एकच विचारते. कॉलेजातल्या प्रोजेक्टसाठी मी अर्थशास्त्र नि भूगोल दोन्ही येतील असं काय घेऊ?

खाडीकाठ

लांब जाऊ नकोस. बदलापुरात नदीच्या बाजूची नि वरच्या बाजूची घरभाडी विचार. २०१९ ला कुठे पाणी आलं ते घरोघरी जाऊन मोज. दोन्ही एका नकाशावर ठेव. पाण्याची आठवण भाड्यात उतरते की नाही ते दिसेल. पन्नास घरं पुरेत. हा नकाशा मुलाखतीला घेऊन जा, मायनर म्हणजे काय ते मग समजावून सांगावं लागणार नाही. आणि फोनवर जीपीएस घेताना अक्षांश आधी, रेखांश नंतर, वहीत रकान्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

सायली_बदलापूर

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे कॉलेजात मॅडमना भेटले. मायनरला प्रात्यक्षिक आहे. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर आहेत, त्यातले नऊ चालतात, सगळ्यांवर क्यूजीआयएस टाकलेलं आहे. क्षेत्रभेट डिसेंबरात असते.

रविवारी आईची शिवणाची टेप घेऊन खाली उतरले. बाबा म्हणाले, एकटी दुसऱ्यांच्या घरी कशी जाणार, मी येतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी स्विचबोर्ड दाखवला, त्याच्या खालच्या स्क्रूपर्यंत पाणी होतं. तीन फूट एक इंच. शेजारच्या घरी दोन फूट अकरा. रस्ता ओलांडून समोरच्या सोसायटीत गेलो तर तिथल्या वॉचमनकाकांनी सांगितलं, ही इमारत बांधताना चार-पाच महिने डंपर मातीच टाकत होते. बाबांनी टेपचं एक टोक रस्त्यावर पायाखाली धरलं आणि मी त्यांच्या जोत्यापर्यंत मोजलं. तीन फूट सात.

अकरा घरं झालीत. पुढच्या रविवारी नदीकडच्या चाळीत जाणार आहोत, बाबांनी वही त्यांच्याकडेच ठेवलीय. फॉर्म आज सकाळी भरला.